वाकता येत नव्हतं तेव्हा वाचलेली माणसं

गेल्या वर्षी एक मोठी कुंडी उचलताना कमरेत उसण भरली असं वाटलं, दोन दिवस बाम चोळत बसले आणि मग कळलं की मणक्यातली गादी सरकलीय. सहा आठवडे सक्त आराम, वर डॉक्टरांचं एकच पालुपद, वाकायचं नाही. बाग करणाऱ्या बाईला वाकायचं नाही सांगणं म्हणजे काय ते बागवाल्यांनाच कळेल, बाकीच्यांनी नुसती मान डोलवा.

तर त्या सहा आठवड्यांत मी आधी मोबाईलवर बागकामाचे रील्स बघितले. चार दिवसांत वीट आला. "हे एक चमचाभर टाका आणि फुलंच फुलं बघा." असलंच काहीतरी ऐकून मागे एक धडधाकट जास्वंद मी मुळासकट मारलीय त्यामुळे माझा विश्वास तसाही उडालेला. मग लेकीने बागेवर लिहिणाऱ्या जुन्या लोकांची पुस्तकं आणून दिली, काही विकत, काही लायब्ररीतून, काही टॅबवर. (त्यातलं एक पुस्तक सध्या माझ्याकडे नाही, त्याबद्दल शेवटी बोलू, ज्याला कळायचं त्याला कळेल.) खत कधी घालावं ते बघायला म्हणून उघडली आणि त्या माणसांमध्येच अडकून पडले.

मला जे वाटलं ते आधीच सांगते, पटलं नाही तर खाली भांडा. बागेवर लिहिणारा म्हणजे झाडांतला तज्ज्ञ, त्याला सगळं येतं आणि तो आपल्याला शिकवतो, असं आपण समजतो. पण ज्यांचं लिखाण शंभर-दीडशे वर्षांनी अजून वाचवतं त्यातले निम्म्याहून जास्त लोक अडलेले होते. कुणाचे डोळे गेलेले, कुणाचा हात, कुणाचा पैसा, कुणाकडे आयुष्यच थोडं उरलेलं. हात मातीत जाईना म्हणून ते कागदावर गेले. आणि बागा त्यांच्या राहिल्या नाहीत, राहिलं ते लिहिलेलंच.

जेन लाउडनचंच घ्या, माझी सगळ्यात लाडकी. जन्म 1807, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ. वडील गेले तेव्हा ही सतरा वर्षांची, हातात पैसा नाही, मग करायचं काय तर कादंबरी लिहिली. 1827 मध्ये. आणि कादंबरी कसली, तर बाविसाव्या शतकातली, ममी जिवंत होते, बायका पॅंट घालतात, शेतात वाफेवर चालणारे नांगर फिरतात! नाव न घालता छापली. ती वाचली जॉन क्लॉडियस लाउडन नावाच्या माणसाने, तो त्या काळातला बागकामाचा सगळ्यात मोठा लेखक-संपादक, स्वतःचं मासिक चालवणारा. त्याला ते वाफेचे नांगर इतके आवडले की त्याने मासिकात कौतुक छापलं आणि लेखकाला भेटायचंच म्हणून बसला. लेखक म्हणजे पुरुषच असणार हे त्याने गृहीत धरलेलं. 1830 मध्ये भेट झाली, समोर जेन, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लग्न! तेवीस वर्षांची पोर आणि तो तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठा, उजवा हात खांद्यापासून कापलेला, डाव्या हाताची पण बोटं धड चालत नाहीत. म्हणजे सगळं तोंडी सांगायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं. लिहून घेणार कोण तर बायको. तिने नंतर लिहिलंय की रात्र-रात्र बसायचो, चार तासांच्या वर झोप नाही, जागं राहायला कडक कॉफी प्यायचो.

आता गंमत अशी की जेनला लग्नाच्या वेळी झाडांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. हे ती स्वतःच सांगते, तेही पुस्तकाच्या सुरुवातीलाच. देशातल्या सगळ्यात मोठ्या बागतज्ज्ञाची बायको आणि रोपाचं नाव माहीत नाही! नवऱ्याची पुस्तकं उघडली तर ती ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी लिहिलेली. मग ती शिकली आणि शिकता शिकता 1840 मध्ये बायकांसाठी बागकामाचं पुस्तक काढलं. त्यात ती म्हणते की मला काहीच येत नव्हतं म्हणूनच न येणाऱ्याला कुठे अडतं ते मला कळतं. ह्या एका वाक्यासाठी मी तिला साष्टांग नमस्कार घातला असता, पण वाकायचं नाही ना. त्यात फावडं हलकं आणि लहान कसं घ्यावं, पायाचा जोर कुठे द्यावा, इथपासून सगळं आहे. त्या काळात बऱ्या घरातल्या बाईने जमीन खणणं शोभत नाही असं समजायचे, आणि ही शांतपणे सांगतेय की बाई गं, असं खण.

इकडे नवऱ्याने ब्रिटनमधल्या झाडा-झुडपांवर आठ खंडांचा ग्रंथ काढला, 1838 मध्ये पूर्ण झाला, आणि त्या ग्रंथाने घर कर्जात बुडवलं. दहा हजार पौंड, त्या काळातले! पुढची सगळी वर्षं दोघं कर्जासाठी लिहीत राहिले. 1843 च्या डिसेंबरात जॉन गेला, तोही उभ्या उभ्या, तरुण माळ्यांसाठीचं पुस्तक जेनला सांगता सांगता. जेननेच त्याला सावरलं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक छातीवर ठेवून बराच वेळ छताकडे बघत पडले होते, खोटं कशाला सांगू. लंडनमध्ये त्यांच्या घरावर नावाची पाटी आहे म्हणे. पण जेनची खरी पाटी माझ्या मते वेगळीच, मला काही येत नाही असं पहिल्याच पानावर कबूल करायची हिंमत. आजच्या किती गार्डनिंग चॅनलवाल्यांकडे आहे सांगा.

मग गर्ट्रूड जीकल. हो, जेकिल नाही, घरचे लोक जीकल म्हणायचे. आणि तुमच्या डोक्यात 'डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड' ह्या गोष्टीतलं जे नाव आलंय ना, ते खरंच ह्यांच्याकडूनच गेलं असं मानतात, हिचा भाऊ वॉल्टर आणि त्या गोष्टीचा लेखक स्टीव्हन्सन मित्र होते. गर्ट्रूड 1843 ची, म्हणजे लाउडन गेला त्याच वर्षी जन्मलेली. चित्रकार व्हायचं होतं, 1861 मध्ये आर्ट स्कूलला गेली, भरतकाम, चांदीकाम, लाकडावर कोरीवकाम, सगळ्यात हात चालायचा. पण डोळे लहानपणापासून फार अधू. 1891 मध्ये जर्मनीतल्या एका मोठ्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की बारीक काम बंद करा. वय सत्तेचाळीस. म्हणजे तिचं पण "वाकायचं नाही".

तिचं पहिलं पुस्तक आलं 1899 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी! आणि मग थांबलीच नाही, डझनाहून जास्त पुस्तकं, हजारावर लेख, चारशेच्या आसपास बागांचे आराखडे. रंग हा तिचा खास विषय. सरे परगण्यातल्या मन्स्टेड वुडला तिचा फुलांचा मोठा पट्टा होता, दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद. टोकाला निळे-करडे थंड रंग, मग हळूहळू फिकट पिवळा, पिवळा, केशरी, मधोमध लालभडक, आणि पलीकडे परत तसंच उतरत जायचं. झाडं गोल गठ्ठ्यांत न लावता लांबट, एकमेकांत घुसणाऱ्या पट्ट्यांत लावायची, म्हणजे एखाद्याचा बहर सरला तरी भोक दिसत नाही. लोक म्हणतात तिला लांबचं धूसर दिसायचं म्हणून तिने बाग अशी रंगांच्या फटकाऱ्यांत बघितली. असेल. मला तर वाटतं ती चित्रकारच होती, फक्त कॅनव्हास बदलला.

पण जीकलबाईंचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे बूट. झालं असं की 1920 मध्ये विल्यम निकल्सन नावाचा चित्रकार तिचं पोर्ट्रेट काढायला आला, आर्किटेक्ट लट्येन्सने पाठवलेला. ही सत्याहत्तरीला आलेली, म्हणाली दिवसाउजेडी मला बागेत कामं आहेत, बसेन तर संध्याकाळी. मग हा दिवसभर काय करणार? त्याने तिचे बागेतले जुने बूट समोर ठेवले आणि तेच रंगवले. जाड चामड्याचे, वापरून वापरून पायाच्या आकाराचे झालेले. तिचं पोर्ट्रेटही आहे, सुंदर आहे, पण माणूस दिसतो तो बुटांत.

आणि तिच्या बागेचं काय झालं? 1932 मध्ये ती गेली, पुढे जागेचे तुकडे पडले, ज्या बागेवर तिने पानंच्या पानं लिहिली ती तशी उरली नाही. आता 2023 मध्ये नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या तिकडच्या संस्थेने, ते घर आणि बाग घेतलीय, बघू काय करतात. तिचे आराखडे मात्र वाचले आणि ते कसे वाचले ही पण एक गोष्टच आहे. अमेरिकेतली बिएट्रिक्स फॅरंड, स्वतः नामांकित लॅंडस्केप आर्किटेक्ट, तरुणपणी जीकलला भेटून आलेली. तिने 1948 मध्ये ते सगळे कागद विकत घेतले आणि मेन राज्यातल्या आपल्या घरी, रीफ पॉइंटला ठेवले. तिथे तिला बागेची शाळा काढायची होती. ते जमेना, आपल्यामागे बाग कोणी नीट सांभाळणार नाही हे दिसलं, तर ह्या बाईने 1955 मध्ये काय केलं, आयुष्यभर वाढवलेली स्वतःची बाग स्वतःच मोडली! वयाची ऐंशी उलटल्यावर. झाडं दुसऱ्या बागांना गेली, आणि पुस्तकं आणि जीकलचे आराखडे कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला. बाग मोडली, कागद ठेवले. मला हे फार क्रूर वाटलं आधी, मग दोन दिवसांनी वाटलं हीच एक जण खरं बोलली.

कारण बाग जपणं म्हणजे काय हो? ह्यावर माझं आणि माझ्या मैत्रिणीचं कडाक्याचं भांडण झालंय. ती म्हणते मोठ्या माणसाची बाग तो गेला त्या दिवशी जशी होती तशीच ठेवली पाहिजे. मी तिला क्रिस्टोफर लॉइडचं उदाहरण दिलं. हा बागलेखक, ग्रेट डिक्सटर नावाच्या घराचा आणि बागेचा मालक, इंग्लंडमध्ये पूर्व ससेक्समध्ये, त्याच घरात 1921 मध्ये जन्मला आणि 2006 पर्यंत तिथलाच राहिला. 1963 पासून एका साप्ताहिकात दर आठवड्याला बागेवर लिहायचा, बेचाळीस वर्षं, एकही आठवडा न चुकवता. (इथे मला महिन्यातून एक पोस्ट टाकायला होत नाही.) तर त्याच्याकडे लट्येन्सने आखलेला गुलाबाचा बगीचा होता, 1912 च्या सुमाराचा, म्हणजे अक्षरशः वारसा. गुलाब नीट येईनात, रोगट झाले, जुन्या गुलाबांच्या जागी नवे लावले तर ते पण रुसले. 1993 मध्ये, वय बहात्तर, ह्याने आणि फर्गस गॅरेट ह्या त्याच्या हेड गार्डनरने सगळे गुलाब उपटले आणि तिथे केळी, कर्दळी, भडक डेलिया लावले. इंग्लंडमधल्या त्या थंडीत केळी! लोक खवळले. तो मजेत. लहानपणी आईने त्याला जीकलकडे नेलं होतं आणि तिने हा मोठा माळी होवो असा आशीर्वाद दिला होता, आता ती असती तर काय म्हणाली असती देव जाणे, मला वाटतं केशरी डेलिया कुठे ठेवलाय ते आधी बघितलं असतं. आता अशा माणसाची बाग तो गेला त्या दिवशी गोठवायची म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं. फर्गस अजून तिथे आहे आणि अजून बदलतोय. मैत्रीण म्हणाली, मग काय जपलं? मी म्हटलं, उपटायची सवय जपली. ती अजून रागावलेलीच आहे.

तिचा मुद्दा तसा अगदीच टाकाऊ नाही हे व्हिटा सॅकव्हिल-वेस्टकडे बघून वाटतं. व्हिटा ही इंग्रज लेखिका, 1892 ची, नोल नावाच्या भल्यामोठ्या वाड्यात वाढलेली एकुलती एक मुलगी, आणि मुलगी म्हणूनच तो वाडा तिला मिळाला नाही, काकाकडे गेला. ही जखम आयुष्यभर. 1930 मध्ये नवऱ्याबरोबर सिसिंगहर्स्टचं पडकं खंडहर घेतलं, कचऱ्याने भरलेलं, आणि तिथे बाग केली. 1946 पासून 1961 पर्यंत रविवारच्या पेपरात सदर. 1950 च्या जानेवारीत ती लिहिते की बर्फाचे पहिले कण पडताना मी ही फिकी बाग लावतेय आणि पुढच्या उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्यावरून एक भुतासारखं पांढरं घुबड मुकाट उडत जाईल अशी आशा आहे. बाग अजून झालीच नाहीय! रोपं मातीत, वर बर्फ, आणि हिला घुबड दिसतंय. नंतर ती जगातली सगळ्यात नक्कल झालेली पांढरी बाग झाली. मुलाने ट्रस्टला देऊया का विचारलं तर भडकली होती, माझ्या दारावर त्यांची ती पाटी नको, कधीच नको. ती गेली 1962 मध्ये, पाटी लागली 1967 मध्ये. पण पाटी लागली नसती तर आज तिथे काय असतं? बोलायला जागा नाही मला.

एक मात्र टोचतं आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. ह्या सगळ्यांच्या बागेत फावडं कुणाच्या हातात होतं? सिसिंगहर्स्ट आज ज्या नीटनेटक्या रूपात लोकांना माहीत आहे ते पामेला श्वेर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर ह्या दोघींचं काम. 1959 मध्ये नोकरीला आल्या आणि तीस वर्षं राबल्या. जीकलकडेही माळी होते. नावं पुस्तकाच्या कव्हरवर येत नाहीत. अॅंटिग्वात जन्मलेली लेखिका जमैका किंकेड हिने 1999 च्या आपल्या बागेच्या पुस्तकात हाच काटा बरोबर पकडलाय, झाडं कुणी कुठून उचलून नेली आणि आपली नावं देऊन टाकली ते. डेलिया हे एका स्वीडिश माणसाच्या आडनावावरून आलंय, मेक्सिकोतल्या लोकांकडे त्या फुलाला त्यांचं स्वतःचं नाव होतंच की. आणि ती स्वतः मस्त झाडांच्या कॅटलॉगांवर पैसे उधळते, हेही कबूल करते. प्रामाणिक बाई.

कॅटलॉगवरून कॅथरीन व्हाइट. न्यूयॉर्कर ह्या अमेरिकन साप्ताहिकाची पहिल्या दिवसांपासूनची संपादक, मोठमोठ्या कथाकारांची हस्तलिखितं तपासणारी. 1958 मध्ये तिने बियाण्यांच्या कॅटलॉगांची परीक्षणं लिहायला घेतली, जशी कादंबऱ्यांची लिहितात तशी! ही वाक्यरचना भोंगळ आहे, ह्या झिनियाचं वर्णन अतिशयोक्त आहे, वगैरे. असले चौदा लेख. ते वाचून दूर दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये राहणाऱ्या एलिझाबेथ लॉरेन्सने पत्र पाठवलं, ती स्वतः बागलेखक. आणि मग दोघींची पत्रं सुरू झाली ती 1977 पर्यंत, जवळपास वीस वर्षं. प्रत्यक्ष भेट एकदाच. आजारपणं, म्हाताऱ्या आया, कंद आले का, थंडीत काय मेलं, सगळं त्या पत्रांत. आपल्या इथल्या प्लॅंट ग्रुपवर असंच चालतं की नाही सांगा, फक्त भाषा त्यांची बरी.

कॅथरीन शेवटी शेवटी फार आजारी. तिच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नवऱ्याने, म्हणजे ई. बी. व्हाइटने, एक चित्र काढलंय शब्दांत. ऑक्टोबर संपत आलेला, थंडी, ही जुना रेनकोट आणि लोकरीची टोपी घालून बागेत घडीच्या खुर्चीवर बसलेली, हातात आराखडा, आणि कामाचा माणूस खाली वाकून ती सांगेल तसे कंद पुरतोय. पुढचा वसंत ऋतू आपल्याला दिसेल की नाही हे तिला चांगलं माहीत आहे, तरी ती वाऱ्यात बसून पुढच्या फुलांचा कट रचतेय. हे मी वाचलं आणि लगेच आमच्या ह्यांना हाक मारली. खुर्ची टाकायला लावली, कागदावर आकृती काढली, आणि लिलीचे कंद लावून घेतले. माणसाने पंधरापैकी नऊ उलटे लावले! मूळ वर, शेंडा खाली. म्हटलं अहो हे काय, तर म्हणे तुझी आकृतीच तू उलटी धरली होतीस. उगवले बरं का ते, वाकडे-तिकडे, दोन आठवडे उशिरा, पण उगवले.

सीलिया थॅक्स्टर पण इथेच सांगते, थोडक्यात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ॲपलडोर नावाचं खडकाळ बेट, तिथे पन्नास फूट बाय पंधरा फूटची बाग. रोपं अंड्याच्या टरफलांत वाढवायची, आणि गोगलगायी रोपं खातात म्हणून मुख्य भूमीवरून चक्क बेडूक मागवायची, खोक्यात भरून बोटीने! बागेचं पुस्तक 1894 मध्ये आलं आणि त्याच ऑगस्टमध्ये ती गेली. पुढे बाग नाहीशी झाली, आणि 1970 च्या दशकात त्याच पुस्तकातला नकाशा आणि यादी बघून तिथेच पुन्हा लावली. आता बोला. आधी बाग आणि मग पुस्तक असं असतं असं आपण समजतो, इथे पुस्तकातून बाग उगवली.

सिनेमावाला डेरेक जारमन, त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहीन, तो ह्या गर्दीत नको. अणुवीज केंद्राच्या समोर, गोट्यांच्या किनाऱ्यावर, कुंपण नसलेली बाग, एचआयव्हीचं निदान झाल्यावर केलेली. त्याची डायरी मी अजून पूर्ण करू शकले नाहीय, दर वेळी कुठेतरी थांबते.

आता ते गायब पुस्तक. कारेल चापेक, झेक लेखक, रोबोट हा शब्द जगाला दिला तो. (शब्द सुचवला भाऊ योसेफने, श्रेय कारेलने त्यालाच दिलंय.) 1929 मध्ये त्याने माळ्याच्या बारा महिन्यांवर पुस्तक लिहिलं, चित्रं योसेफची, पानापानावर माळी पार्श्वभाग आकाशाकडे करून मातीत घुसलेला. हसून हसून मणका परत सरकायची वेळ. आणि मग मागची गोष्ट कळते. कारेल 1938 च्या नाताळात न्युमोनियाने गेला, पुढच्या मार्चमध्ये नाझींनी प्राग घेतलं आणि गेस्टापो त्याला पकडायला घरी आले, मेलाय हेही त्यांना माहीत नव्हतं. योसेफला मात्र पकडलं, तो छावणीतच गेला, 1945 मध्ये. दोघा भावांचं त्याआधीचं ते एवढंसं हसरं पुस्तक.

त्यात तो म्हणतो की उत्क्रांती नीट झाली असती तर माळी बिनकण्याचा प्राणी झाला असता, त्याला पाठ कशाला हवी, फक्त अधूनमधून सरळ होऊन "पाठ दुखते हो" म्हणायला.

तर जूनमध्ये आमच्याकडे चहाला आलेल्या आणि जाताना "दोन दिवसांत देते" म्हणून हे पुस्तक घेऊन गेलेल्या व्यक्तीने कृपया ते परत करावं. पान 40 च्या आसपास माझ्या लिलीची आकृती आहे, मला ती ह्यांना दाखवायचीय, सरळ धरून.